तंगमअक्कांनी ब्रेक बदलले

कोत्तगिरीच्या उतारावर अंबलगनचं सायकलचं दुकान आहे. माझी सायकल दुरुस्त होईपर्यंत मी तिथं बाकावर बसलो होतो. तंगमअक्का नवऱ्याची जुनी सायकल घेऊन आल्या आणि अंबलगनला ब्रेक बदलायला सांगितलं.

"अक्का, हे दांड्याचे ब्रेक अजून ठणठणीत आहेत. बदलताय कशाला?"

"ब्रेक ठणठणीत आहेत रे, ह्यांचा हात नाही. त्या तापानंतर मुठीत जोरच उरला नाही. परवा उतारावरून थेट चहाच्या मळ्यात शिरले."

"फार लागलं?"

"खरचटलं. मुलगा म्हणतो, सायकल विकून टाका. विकली की हे दारात बसून राहणार. ते मला बघवायचं नाही."

"मग तारेचे बसवतो. दोन बोटांनी दाबले तरी लागतात."

"बसव. पण हाताचा विषय त्यांच्यापुढं काढू नकोस."

ब्रेक बसवून झाले तेव्हा त्यांचे यजमान चेल्लप्पा चालत आले.

"काय रे, मी म्हणत नव्हतो, ब्रेकच गेलेत म्हणून?"

"पार गेले होते, अण्णा. दाबून बघा."

चेल्लप्पांनी दाबून बघितलं. मग पुन्हा एकदा, दोनच बोटांनी.

"फार हलके आहेत."

"नवे आहेत ना."

"तंगम, तू ह्याला काही सांगितलंस?"

"मी काय सांगणार? मला कुठं ब्रेकमधलं कळतं?"

चेल्लप्पांनी सायकल उताराकडे वळवली.

"बरं. बस मागं. आज हळू नेतो."