कोक ओव्हनवाली

रुक्मा : नाई, सगळ्यात वर साल टाक. दोन हजार तेवीस. ह्याच साली आमी सेक्टर सहाचं क्वार्टर सोडून राहिलो, हे माह्या जुन्या शेजारणीले कळलं पायजे.

प्रेरणा : टाकलं, आजी. वैशाली नगरचा नवा पत्ता, माझा मोबाइल नंबर, तुझा फोटो. वेबसाइट पूरी झाली.

रुक्मा : मंग दिसली का तिले?

प्रेरणा : अरे, ऐसे थोडी! त्या आंटीच्या घरचं कोणी सर्च करेल, तेव्हा दिसेल. आणि सर्चमध्ये आपली साइट अजून आलीच नाही. सर्चवाल्यांचं मशीन फिरत फिरत येते, पान वाचते, नोंदवून घेते, मग दाखवते. नवी साइट असली की टाइम लागते.

रुक्मा : म्हणजे जनगणनेवाल्यासारखं. नव्या वस्तीत सगळ्यात शेवटी.

सुगत : माय, मी सामानाची गाडी सांगून आलो. महिनाअखेर क्वार्टर हँडओव्हर करा लागते. भिलाईच्या स्टील प्लांटातून रिटायर झालेल्या माह्यासारख्या माणसाले किती दिवस राहू देतीन?

रुक्मा : मी कुठं नाई म्हणून राहिली? पण आंध्रात आपल्या गावाले, श्रीकाकुलमले जातानी ती ह्याच दारात बोलली होती, 'आऊँगी तो इधरइच आऊँगी.' ती आली, आन दारात दुसरंच कोणी उभं असलं तर?

सुगत : लय वर्षं झाली त्या गोष्टीले. दाराचं काय घेऊन बसली!

रुक्मा : तुले नाई कळाचं.

* * *

प्रेरणा : आजी! पाय, आली आपली साइट! 'रुक्मा कवडू मेश्राम' टाकलं की सबसे ऊपर.

रुक्मा : खरंच? मीच हाव ना? दुसरी कोणी नाई?

प्रेरणा : तूच. फोटोसकट.

रुक्मा : बरं झालं माय. आता कधी बी शोधू दे तिनं.

सुगत : माय, एक इचारू? आंटीले तुहं नाव ठाऊक हाय?

रुक्मा : काय बोलून राहिला! भिंतीले भिंत लागून जिंदगी गेली. तिच्या चिंचेच्या भातावर मोठा झाला तू.

सुगत : ते खरं. पण ती तुले हाक काय मारे?

रुक्मा : ...कोक ओव्हनवाली.

सुगत : आन तू तिले?

रुक्मा : रेल मिलवाली.

प्रेरणा : हे काय नाव झालं?

रुक्मा : रीतच होती आमची. तुहा आजा प्लांटातल्या कोक ओव्हनात, कोळशाच्या भट्टीवर, म्हणून मी कोक ओव्हनवाली. नवरा प्लांटाच्या ज्या शॉपात, म्हणजे खात्यात, बाई त्या शॉपवाली. भोंगा अवेळी वाजला की अपघात झाला समजून साऱ्या जणी रस्त्यावर येत. तवा बाईचं नाव कोण इचारे? कोणतं शॉप, तेवढंच.

प्रेरणा : म्हणजे तुला पण तिचं नाव माहीत नाही! मी इतक्या वेळा विचारलं, तू म्हणे 'आठवून सांगते'.

रुक्मा : लाज वाटे सांगाची.

प्रेरणा : मग मशीनची गलती नाही, आजी. जे आपण लिहिलं, तेच ते दाखवते. आणि रुक्मा तर कोणी शोधणारच नाही.

रुक्मा : खोड ते रुक्मा. कोक ओव्हनवाली लिही. फाउंड्रीवाली, ब्लूमिंग मिलवाली, सगळ्या लिही.

प्रेरणा : आत्ता 'कोक ओव्हनवाली' टाकलं, तर केक भाजायचे ओव्हन दाखवून राहिलं. किमतीसकट!

सुगत : घेऊन टाक एक. नव्या घरात कामी येईन.

रुक्मा : चूप बस. प्रेरणा, तो जनगणनेवाला येऊन गेला ना? आता परत येईन का?

प्रेरणा : पान बदललं की येते. कधी, ते त्याची मर्जी.

रुक्मा : मंग बदल. आत्ताच बदल.

(पुढच्या वर्षीचा उन्हाळा. वैशाली नगरचं घर.)

रुक्मा : बॅग तिथंच राहू दे, पहिले चहा घे. पुण्याची नोकरी काय म्हणते?

प्रेरणा : मस्त आहे. पर मी मराठी बोलली की सब हसते मेरे पे. बाबा कुठे?

रुक्मा : सेक्टर सहात. रोज सायकल काढते, आपल्या क्वार्टरसमोरच्या टपरीवर बसते, येते. मले म्हणे, दाराचं काय घेऊन बसली!

प्रेरणा : फाउंड्रीवालीच्या सुनेनं साइट पाहून फोन केला होता ना मला, मग तिची सासू आली होती?

रुक्मा : आली होती दुर्गवरून. पोराकडं असते आता. दिवसभर बसली. ब्लूमिंग मिलवाली गेली, तिनंच सांगतलं. आमाले पत्ताच नाई.

प्रेरणा : आजी, आणखी एक मेसेज आहे. फोनवर नाही सांगितलं, तुझ्यासमोर बसून वाचायचा होता. श्रीकाकुलमहून.

रुक्मा : ...वाच.

प्रेरणा : तिच्या मुलानं लिहिलं. 'अम्मा अब चल नहीं पाती, भिलाई आना नहीं होगा. सुनाई भी कम देता है, फोन पे बात नहीं होती. उसके कहने पे मैंने कोक ओव्हनवाली सर्च किया, तो आपका पन्ना मिला. कान के पास बैठकर पढ़ा. उसने फिर से पढ़वाया.'

रुक्मा : आन?

प्रेरणा : 'अम्मा पूछ रही है, कोक ओव्हनवाली, तुम्हारा नाम क्या है?' काय लिहू, आजी?

रुक्मा : लिही... रुक्मा. आन खाली इचार, तुहं?