एका वाक्याचे अकरा विद्वान

...आणि अकरा माणसं हो! एक वाक्य, साधं, सरळ, आणि त्याच्यावर अकरा विद्वान बसलेत तीन महिने! अंड्यावर बसलेली कोंबडीसुद्धा तीन आठवड्यांत उठते, आणि खालून निदान पिल्लू तरी निघतं! तुम्हाला सांगते, शिसारी आली मला, शिसारी... तुम्ही म्हणाल, ही बाई आल्या आल्या कुणावर तोंडसुख घेतेय? सांगते ना, बसा.

मी राष्ट्रीय अकादमीत लेखनिक. म्हणजे देशातले मोठमोठे शास्त्रज्ञ एकत्र बसून सरकारला सांगणार, संशोधन असं चालवा, विद्यापीठं तशी चालवा, आणि ते काय म्हणाले ते मी लिहून घेणार. अधिकार म्हणाल तर शून्य! आमच्या अध्यक्षांना काहीही विचारा, ते चष्मा काढणार, डोळे मिटणार आणि घशातून म्हणणार, "बाऽई, आपलं काम सल्ला देणं." छत गळतंय? आपलं काम सल्ला देणं. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकलीय, आत स्वतः उपाध्यक्ष आहेत? आपलं काम सल्ला देणं!

तर मंत्रालयाचं पत्र आलं. मुलं पीएचडी अर्धवट टाकून का जातात, सल्ला द्या. नेमली समिती. सगळ्यांत तरुण सभासद अडुसष्ट वर्षांचे, त्यांना बाकीचे दहा जण "अरे बाळा" म्हणायचे! मी भीतभीत म्हटलं, "सर, एखाद्या विद्यार्थ्यालाच बोलावून विचारलं तर?" असं बघितलं माझ्याकडे, जशी काही मी ऑपरेशनच्या टेबलावरच्या पेशंटला कात्री कुठे धरू ते विचारा म्हणाले!

बोलावलं शेवटी एका मुलीला. वेळ किती? सात मिनिटं. चहाच्या आधी.

आली बिचारी. फाईल अशी छातीशी धरलेली. बसायला खुर्ची नव्हती, मीच माझी दिली. म्हणाली, "चार वर्षं झाली. माझे प्रयोग मार्गदर्शक स्वतःच्या नावावर छापतात. मी तक्रार केली. नियम असा की तक्रार त्यांच्यामार्फतच द्यायची. त्यांनी वाचली, खाली 'तथ्य आढळले नाही' असं लिहिलं, सही केली, आणि कागद माझ्याच हातात दिला. म्हणाले, जा, फाईलला लावून ये."

मला वाटलं, आता कुणीतरी टेबलावर मूठ आपटणार! तेवढ्यात भाषेचे एक जाणकार पुढे वाकले आणि म्हणाले, "फाईलला... की फायलीला?"

शी! अहो, त्याच्यावर वीस मिनिटं! चहा गार झाला, पण फाईल काही सुटेना!

मुलगी जिन्यात थांबली होती. मला म्हणाली, "बाई, लिहून घेतलंत ना? पीएचडीतून नाव काढून घ्यायचा अर्ज भरून ठेवलाय मी. तारीख तेवढी घालायचीय." माझी धाकटी लेक तिच्याच वयाची. मी तशीच आत गेले आणि मसुद्यात ठोकलं, "मार्गदर्शकाविरुद्धची तक्रार मार्गदर्शकाकडे जाऊ नये, ती बाहेरच्या माणसाने ऐकावी." बस. आहे काय त्यात न कळण्यासारखं?

पण पहिल्या बैठकीत एक म्हणाले, "जाऊ नये? फार कडक वाटतं हो. 'शक्यतो जाऊ नये' करा." केलं. पुढच्या बैठकीत दुसरे म्हणाले, "'बाहेरच्या माणसाने' म्हणजे काय, आपण काय आतल्या गाठीचे? काढा ते." काढलं. मग एकांना 'मार्गदर्शक' हा शब्दच टोचायला लागला. का? तर ते स्वतः मार्गदर्शक! मी म्हटलं, "सर, मग तक्रार कुणाविरुद्ध?" तर अध्यक्षांचं डोळे मिटून उत्तर, "बाऽई, आपलं काम सल्ला देणं. नावं घेणं नव्हे."

तीन महिन्यांनी अहवाल निघाला. दोनशे बारा पानं! आणि माझं वाक्य? पान एकशे सत्त्याऐंशी, तळाला, मुंगीएवढ्या अक्षरात: "तक्रारींच्या मार्गाबाबत यथावकाश सर्वांगीण विचार होणे उचित ठरू शकेल." 'शकेल'वर तर अकराच्या अकरा खूश! एकमेकांचे हात हातात घेतले हो!

प्रकाशनाच्या दिवशी सगळे बागेत फोटोला उभे, आणि वर फोन खणाणला. मंत्रीसाहेबांचे सचिव! "बाई, साहेब सभागृहात उभे राहतायत! दोनशे पानं कोण वाचणार? एका वाक्यात सांगा!" मी खिडकीतून ओरडले, "सऽर, मंत्रालय!" तर अध्यक्ष खालून हातानेच, आत जा, फोटोत येताय! मग काय करू? इकडे सचिव ओरडतायत, "बाई, साहेब उठले!" माझ्या तोंडातून निघून गेलं. पान एकशे सत्त्याऐंशीचं नाही हो... माझं!

साहेबांनी शब्दन् शब्द तस्साच म्हटला. बाकं वाजली! पंधरा दिवसांत आदेश! मुलीची तक्रार बाहेरच्या माणसाने ऐकली, तिला नव्या मार्गदर्शक बाई मिळाल्या, शोधनिबंधांवर तिचं नाव आलं. तिचा फोन आला, "बाई, अर्ज फाडला." मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

आणि हे सगळं झाल्यावर इकडे अध्यक्ष छाती काढून, "बघितलंत? अकादमीच्या शब्दाला वजन असतं!" मुलाखती काय, हार काय! चार दिवस. पाचव्या दिवशी कुणीतरी अहवाल उघडून बघितला. म्हणजे, पहिल्यांदाच.

तातडीची बैठक! "हे वाक्य आपलं नाहीच!" "अहो, अमलात आलं ते!" "साठ वर्षांत असं कधी घडलं नव्हतं!" मी म्हटलं, "सर, त्या मुलीचं भलं झालं ना पण?" तर म्हणतात कसे, "बाऽई, आपलं काम सल्ला देणं. भलं करणं नव्हे."

ठरलं. बाईंना लेखी समज द्यायची. अकरा हात वर. फक्त समज लिहायची कुणी? सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले... आणि मग हळूच माझं.

लिहिली. दीड पान. बरी झाली हो भाषा, वाचून मलाच स्वतःचा राग आला. अध्यक्षांनी तर एक शब्द बदलला नाही! तीस वर्षांच्या नोकरीत माझा हा एकच मसुदा पहिल्या फेरीत मंजूर झालाय.