गोवऱ्या ओल्या आहेत

नाही, आत नाही जायचं. इथंच बस, गोवऱ्यांच्या ढिगाशी, त्या दगडावर. राजधानीतून, पार मासेरूहून आलीस, तट्टावर बसून डोंगर चढलीस, अंग मोडून आलं असेल, सगळं खरं — तरी दाराबाहेरच. आणि आज खायलाही विचारणार नाही. काय बघायचंय तुला? माझ्या मोहापीला? त्याला मागच्या खेपेला बघून गेलाय की तुमचा साहेब — तो टायवाला, बुटांना चिखल लागला का बघत चालणारा. डोळे भरून बघितलं त्यानं, आणि काय लिहून गेला? याला सांभाळायला माणूस लागत नाही, सांभाळायचा भत्ता नामंजूर! सोन्याच्या खाणीत छत अंगावर आलं, कंबरेखाली जीव नाही पोराला, कूस बदलायची तरी मला हाक मारतो — आणि माणूस लागत नाही. मग मी कोण? शेळी?

हसू नकोस. त्यात चूक माझीच, असं गाव म्हणतं. का? तर पाहुणा येणार म्हणून मी कोंबडं आरवायच्या आधी उठले, पाणी तापवलं, त्याला धुतला, दाढी केली, पाठीला चरबी चोळली, आणि ते लग्नातलं कांबळं पांघरलं — पट्टे सरळ उभे, आमच्यात आडवे चालत नाहीत — आणि ओढत ओढत नेऊन भिंतीशी उन्हात बसवला. मग काय! पोरगा असा बसला की विचारू नकोस. खाणीतले एकेक किस्से सांगून साहेबाला हसवून बेजार केलं. साहेब उठताना म्हणतो कसा, आजी, मुलगा ठणठणीत आहे की! अरे बाबा, तो ठणठणीत दिसावा म्हणून माझी पाठ मोडली, ती कुणी बघायची? मला विचारलं, तुम्ही काय करता? म्हटलं, हे काय, याचं करते. तर म्हणाला — म्हणजे काही करत नाही.

काही करत नाही! ती मापुलेंग, गावची आरोग्यवाली — पिशवी लटकवून येते, दारातूनच विचारते, कसा आहे? मी म्हणते, तसाच. झालं तिचं काम. तिला सरकार पगार देतं, वर छत्री देतं. आणि याची बायको — माझी सून — ती गेली सीमेपलीकडे, कुण्या परक्यांची म्हातारी सांभाळते. तिला पगार, तिला रविवारची सुट्टी! परकी म्हातारी धुतली तर नोकरी, आपला पोरगा धुतला तर काही नाही. हा हिशेब कुठल्या शाळेत शिकवतात गं? मी शाळेत गेले नाही, म्हणून विचारते. मला कुठं गाडीघोडा पाहिजे? भत्ता मिळाला तर त्याला उचलायला एक दणकट बाई ठेवीन म्हणते, एवढंच. परवा हातातून निसटला माझ्या. डोकं आपटलं. तोच मला म्हणतो, लागलं नाही आई, लागलं नाही. उद्या मी आडवी झाले की कोण उचलणार? तू?

नाकाला रुमाल कशाला लावतेस? मेंढ्यांचा वास आहे तो. मागंच कोंडवाडा आहे आमचा.

बघू नकोस तिकडं. बरं, नाहीत मेंढ्या. कुरणावर गेल्यात. तुला डोळे आहेत, दिसतंय सगळं.

मापुलेंगनंच शिकवलं — या खेपेला धुऊ नकोस आजी, जसा आहे तसा पडू दे, या सरकारी लोकांच्या नाकात वास गेला की बरोब्बर लिहितात. आणि मी ऐकलं! कूस तेवढी बदलली, बाकी कालपासून हात लावला नाही. सकाळी म्हणाला, आई, अंगाला पाणी घाल. म्हटलं, पाणी कशावर तापवू, गोवऱ्या ओल्या आहेत. ओल्या! तू हात टेकलायस ना, बघ हाताला — भुकटी होतेय वाळून. पुन्हा मागितलं नाही त्यानं. भिंतीकडं तोंड करून पडलाय. याच्या बापाला माझं खोटं कधी कळलं नाही, याला मात्र लगेच कळतं.

डोळ्यांनी बघितल्याशिवाय लिहिता येत नाही म्हणतेस. मग मला बघ की! हे हात बघ. सरळ होत नाही ती पाठ बघ. माझ्यासाठी जागा नाही तुझ्या कागदात? वाटलंच मला. त्याला घाणीत बघशील तर पटेल, होय ना?

थांब. गप्प बस जरा.

ऐकलंस? काय म्हणाला कळलं? — आई, पाहुणी आलीय ना, माझं कांबळं दे. असल्या घाणीत पडून कांबळं मागतोय गं, तुझ्याशी नीट बोलायला!

ऊठ. ऊठ म्हणते ना! आता तर मुळीच नाही. लिही जा, म्हातारीनं हाकललं म्हणून लिही. सही पाहिजे? अंगठा देते, आण. त्याला असा कुणी बघणार नाही — तू नाही, तुझं सरकार नाही. यायचंच असेल तर उद्या ये. भिंतीशी बसलेला असेल, पट्टे उभे. ठणठणीत दिसला तर दिसला.

फाटक लावून जा. — आले रे मोहापी, आले! वाळल्या गोवऱ्या!