बेलपानाची पेटी

मंडळी, मला एक सांगा — खऱ्या माणसाला दाखला लागतो का?

नाही? अहो, इतक्या जोरात नका म्हणू! वाईचे वामनराव पांचाळही असंच म्हणाले होते!

वामनराव पेट्या दुरुस्त करायचे. ही आपली कीर्तनातली पेटी वाजतेय ना, त्यांच्याच हातची! त्यांच्या वडिलांनी घडवलेली पहिली पेटी त्यांच्याच आजारपणात विकली गेली. आतल्या प्रत्येक पितळी सुरावर, म्हणजे वाजणाऱ्या पट्टीवर, वडिलांनी बारीक बेलपान कोरलेलं. ती पेटी सापडावी म्हणून वामनरावांनी म्हातारपणी वेबसाइट काढली — ‘बेलपानाची खूण असलेली पेटी कुणाकडे आहे का?’

एक दिवस सून मंजिरी म्हणाली, “बाबा, साइट सुरक्षित असल्याचं सर्टिफिकेट, म्हणजे दाखला, संपलाय. सर्चमध्ये आपण खाली जातोय. नवा फुकट मिळतो, फक्त खात्रीसाठी तुमच्या मोबाइलवर आलेला नंबर सांगा.”

वामनराव तडकले! “चाळीस वर्षं सूर लावतोय मी! माझ्या खरेपणाचा दाखला परका कोण देणार?”

काय तो ताठा! नंबर काही सांगितला नाही.

पुढे काय झालं? साइट पहिल्या पानावरून गेली तिसऱ्यावर! सहा महिन्यांनी पुण्याच्या एका दुकानदाराचं पार्सल आलं — जुने सूर, नीट लावून द्या. वामनरावांनी कागद सोडला... प्रत्येक सुरावर बेलपान! तडक दुकानदाराला फोन लावला, “पेटी कुठंय?”

“लाकूड किडकं होतं, काका. मोडून टाकलं.”

कुणाची पेटी? धारवाडच्या एका बाईंची. त्यांचा नंबर घेतला. बाई म्हणाल्या, “अहो, जुनी पेटी कुणाला विकावी म्हणून शोधताना तुमचं नाव दिसलं होतं हो मला! खूप खाली होतं, तरी उघडलं. तर लाल अक्षरांत आलं — ही साइट सुरक्षित नाही. मला वाटलं, कुणीतरी लबाड असेल. मग वर ज्याचं नाव होतं, त्याला दिली.”

लबाड! मंडळी, आयुष्यात कुणाला खोटा सूर लावून दिला नाही, त्या माणसाला हा शब्द ऐकावा लागला! आणि राग तरी कुणावर काढणार?

त्याच दिवशी त्यांनी सुनेला नंबर सांगितला. साइट हळूहळू वर आली, साइट सुरक्षित असल्याची कुलपाची खूणही दिसू लागली. पण आता शोधायचं काय राहिलं होतं? वडिलांचा हात फिरलेलं ते लाकूड तर गेलं!

हसू नका, मान डोलवू नका. तुमचं मन निर्मळ आहे, हे तुम्हाला ठाऊक. दाराशी आलेल्या अनोळखी माणसाने ते कसं ओळखायचं? त्याला खात्री पटेल असं काही करायला आपल्याला कमीपणा वाटतो. तो येतो, बिचकतो, परत जातो. आणि मंडळी, तो आला होता हेसुद्धा आपल्याला कळत नाही.