फुलाबाईचं विमान

सोलापुरातल्या मानसोपचाराच्या दवाखान्यात माझ्या शेजारी सांगोल्याचे तात्याबा बसले होते. पलीकडच्या बाईंनी त्यांना विचारलं,

"आत कोण आहे तुमचं?"

"आमची मालकीण, फुलाबाई. इमान उडवतीया."

"विमान?"

"डोक्याला तारा लावत्यात. मन थाऱ्यावर आलं की पडद्यावरचं इमान वर जातं, भरकटलं की खाली."

"शॉक देतात का हो? मुलीला आज पहिल्यांदाच आत नेलंय."

"न्हाय वो. आदी चुंबकाचं मशीन डोक्याला लावत्यात, टकटक वाजतं, तेवढंच."

"आणि उडतं विमान?"

"पयलं जागचं हलंना. मग हिनं मनातल्या मनात मेंढरं डाळिंबाच्या बागंवरनं न्यायला घेतली. एकाचं बी तोंड बागंत जाऊ द्यायचं न्हाय. तसं इमान गेलं की वर!"

"गावात माहीत आहे? आम्ही घरी डोळे तपासायला जातोय असं सांगितलंय."

"समद्यास्नी सांगितलंय. वरीसभर अंथरूण न सोडलेली बाई इमान उडवतीया, ते लपवू व्हय?"

बाईंचा फोन वाजला.

"हं, आई. डॉक्टरांकडेच आहोत. नाही, डोळ्यांच्या नाही, मनाच्या... अहो, रडताय कशाला? तुमची नात विमान उडवतेय."