पाद्रीबाबांची कमान

नाही, नाही इंजिनेरसाहेब, तेवढं लिहू नका — ‘टोकदार कमान इथल्या दगडाला पेलत नाही’ असं तुम्ही धुळ्याला कळवलंत तर उरलेलं देऊळही पाडतील — देऊळ म्हणजे चर्च हो, आम्ही देऊळच म्हणतो. कमान पडली, माझ्या हाताखालचा बाज्या मेला, सगळं खरं. पण दोष आकाराचा नाही! मी भिकन गवंडी, तीस वर्षं दगड घडवतोय, मला कळतं की नाही? थाळनेरच्या जुन्या घुमटांत टोकदार कमानी आहेतच की, शेकडो वर्षं उभ्या — एवढी उंच मात्र मी पहिल्यांदाच केली, पाद्रीबाबांच्या पुस्तकातली चित्रं बघून.

दोन पावसाळे बाबांनी मला ती चित्रं समजावून दिली. त्यांच्या मुलखात फार पूर्वी देवळांच्या कमानी गोल असायच्या — गोल कमान भिंतीला बाहेर ढकलते, म्हणून भिंती किल्ल्यासारख्या जाड, खिडक्या एवढ्याशा, आत अंधार. मग कुणा गवंड्याला सुचलं, कमानीला वर टोक काढावं. भार खाली उतरायला लागला, राहिलेला रेटा बाहेरून टेकू देणाऱ्या दगडी धिऱ्यांनी पेलला — भिंत मोकळी झाली! तिथं रंगीत काचा बसवल्या, काचांत देवाच्या गोष्टी, ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी. आणि एका काचेत, साहेब, गवंडी — हातात हातोडा, समोर दगड. देवाच्या घरात गवंडी! मी तीनदा विचारलं, बाबा, हा राजा नाही ना? म्हणाले, नाही भिकन, तुझ्यासारखाच.

म्हणून सांगतो, आकाराला नावं ठेवू नका... काय? बाज्याचं? हो, फौजदाराला मीच सांगितलं ना — कमानीखालच्या लाकडी साच्याच्या पाचरी बाज्यानं सरपणाला काढल्या, म्हणून... पण एक-दोन पाचरींनी माझी कमान पडते होय? चुना वाळलेला असता तर अख्खा साचा काढला तरी ती उभी राहिली असती!

... ओला होता. हो. कमान जुळून नववाच दिवस. महिनाभर तरी साचा ठेवायला हवा, आणि बाहेरचे धिरे तर कमरेएवढेही आले नव्हते. बाज्या म्हणाला, “दादा, चुना ओला शे अजून.” मी खेकसलो, “तू माले शिकाडी ऱ्हायना का?” बाबांना तापानं पार खाल्लं होतं, दुसऱ्या दिवशी बैलगाडीत घालून खांडबाऱ्याच्या स्टेशनावर न्यायचं होतं, तिथून मुंबईच्या दवाखान्यात. त्यांनी कमान बघून जावं — मागितलं नव्हतं हो त्यांनी, एका शब्दानं नाही. मलाच दाखवायची होती. पाचरी मीच पाडल्या, एकेक, माझ्या हातानं, आणि साचा उतरवला. सकाळी गाडी इथं थांबवली, बाबांना धरून बसवलं — बघितलं त्यांनी, डोळे भरून बघितलं, म्हणाले, “उभी आहे.” मला वाटलं, आता मी मेलो तरी चालेल.

मेला बाज्या. तिसऱ्या दिवशी टोकाजवळ भेग दिसली. साचा पुन्हा खाली घालायला हवा होता, आणि मी — मी खाली गेलो नाही, साहेब. बाज्याला म्हटलं, जा. तो एकदा माझ्याकडे बघून गेला. पहिलाच वासा लावत होता...

आणि त्यालाच मी चोर केलं! त्याची बायको कालीबाई फौजदारासमोर एवढंच बोलली, “आम्ही जंगलमा ऱ्हातस, आम्हले लाकूड काय कमी शे?” कुणी ऐकलं नाही. मी तिथंच उभा होतो, मान खाली घालून. पाड्यावर आता तिला चोराची बायको म्हणतात.

कमानीचं तुम्हाला काय ठरवायचं ते ठरवा. फौजदाराला कळवा, मी पळत नाही. पण पोलीस यायच्या आत कालीबाईला हे माझ्या तोंडून कळायला हवं — दोन कोस चढाची वाट आहे, नाही, उद्या नाही, उद्या माझी जीभ उचलणार नाही, मी ओळखतो मला — साहेब, हात सोडा. सोडा म्हणतो ना, जाऊ द्या मला!