संसदेची घंटा आणि माझं उत्तर

...नाही, पण मी म्हणते, घंटा बसवायचीच होती तर ती माझ्याच डोक्यावर कशाला? अख्खं रेस्टॉरंट पडलंय की मोकळं. तिकडे कोट टांगायच्या खुंट्या आहेत, बाटल्यांची मांडणी आहे, मागे चक्क एक कपाट आहे ज्यात गेल्या वीस वर्षांत कोणी डोकावलेलं नाही. पण नाही. ज्या कोपऱ्यात मी हातात उकळतं सूप घेऊन उभी असते, बरोबर त्याच कोपऱ्यात, कानापासून वीतभर अंतरावर. आणि तुम्हाला सांगते, मी मुळातच दचकणारी. टोस्टरमधून पाव उडाला की माझा जीव उडतो, आणि हे मला माहीत असतं की तो उडणार आहे, मीच तो आत घातलेला असतो.

तर ही घंटा. इथे लंडनमध्ये संसदेच्या आसपास जिथे जिथे खासदार मंडळी जेवायला येतात तिथे ती असतेच. तिकडे सभागृहात मतदान पुकारलं की इकडे ही वाजते, आणि वाजली की आठ मिनिटांत जेवणारा माणूस सभागृहात पोचला पाहिजे, नाहीतर दारं बंद. म्हणजे तुमच्या तोंडात बटाटा असो, नाहीतर शेजारच्या बाईला तुम्ही काहीतरी नाजूक सांगत असा, उठा आणि पळा. आमच्याकडे त्याची रीतच ठरलेली आहे. माणूस पळाला की त्याचा रुमाल खुर्चीवर टाकायचा, ताटावर झाकण ठेवायचं, आणि टेबलाला हात लावायचा नाही. देश वाचवून आले की उरलेलं खातात.

पूर्वी हे ठीक होतं हो. आठवड्यातून चार वेळा वाजायची, मी चार वेळा दचकायचे, भागायचं. पण देशाने युरोपच्या संघातून बाहेर पडायचं असं मत देऊन झाली तीन वर्षं, आणि बाहेर पडायचं म्हणजे नेमकं कुठल्या दाराने, चपला घालून की तशीच, हे ठरवायला जी मंडळी बसलीत... ती बसतातच कुठे, माझ्या डोक्यावरून पळत असतात. या वर्षी जानेवारीपासून जी घंटा लागलीय ती थांबायला तयार नाही. संघाबरोबरचा करार आणला, घंटा, पाडला. करार नको म्हटलं, घंटा, तेही पाडलं. तोच करार नवीन वेष्टनात आणला, घंटा, पुन्हा पाडला. तिसऱ्यांदा आणला. एका बुधवारी तर म्हणाले, चला, मनात काय काय आहे ते सगळंच काढू, आणि आठ पर्याय मांडले. आठ. आमच्याकडे जेवणाच्या पत्रिकेवर इतके पदार्थ नाहीत. आठही नापसंत.

ठरलं काय? काही नाही.

आणि या सगळ्यात माझं आयुष्य चाललंय, ते कोणाच्या लक्षात आहे? दुआर्त. आमच्या स्वयंपाकघरात भट्टीवर असतो तो. पोर्तुगालचा, आवेरोचा. तीन वर्षं आम्ही बरोबर आहोत. शांत माणूस, मासे भाजतो तेसुद्धा त्यांची समजूत काढत काढत. तर त्याची आवेरोला एक मावशी आहे, तिचं तिथे कालव्याकाठी छोटंसं जेवणघर आहे, आणि तिने कळवलं की माझे गुडघे गेले, तू येऊन चालव. फेब्रुवारीतली गोष्ट. मी ताटं उचलायला आत गेले तर हा फडक्याला हात पुसत माझ्यासमोर उभा. म्हणाला, "टॅम, मला एक विचारायचंय. तू येशील का माझ्याबरोबर? कायमची. तू हो म्हणालीस तर जाऊ. तू नाही म्हणालीस तर मी मावशीला 'नाही' असं कळवतो, इथेच राहू. तू म्हणशील तसं."

आता बघा. माझ्यासारख्या मुलीला कोणी 'तू म्हणशील तसं' असं म्हणू नये. मी मध्ययुगीन इतिहास घेऊन पदवीधर झालेली मुलगी आहे, मला चौदाव्या शतकात कोणी काय करायला हवं होतं ते विचारा, धडाधड सांगेन. माझे ओठ हलले, मी म्हणणार होते, खरंच काहीतरी म्हणणार होते... आणि घंटा. माझ्या हातातली ताटं गेली, बाहेर खुर्च्या सरकल्या, बारा खासदार एकमेकांचे कोट घालून पळाले, आणि दुआर्त म्हणाला, "असू दे, असू दे, नंतर सांग," आणि टुणकन भट्टीकडे वळला. मला वाटलं, किती समजूतदार माणूस.

तेव्हापासून हेच. तो विचारतो, मी श्वास घेते, घंटा. आमचे मॅनेजर मिस्टर पॉबजॉय, मृत्युलेख वाचून दाखवावा तशा आवाजात बोलतात, ते म्हणायला लागले, "मिस टॅमझिन, आपण आपलं उत्तर जरा सुट्टीच्या दिवशी द्यावं. चिनी मातीची ताटं आता मिळत नाहीत."

आणि मी कोणाकडे बघून शिकणार होते हो निर्णय घ्यायला? सर ऑब्रींकडे? हे आमचे रोजचे खासदार, खिडकीजवळचं टेबल, मटणाचे चॉप आणि पुदिन्याची चटणी. एका वाक्याचे गृहस्थ. "बाहेर म्हणजे बाहेर, मिस. यात न समजण्यासारखं काय आहे?" एकदा असेच मला समजावत होते की पुदिन्याच्या चटणीत साखर घालणारा माणूस देशाशी प्रामाणिक असूच शकत नाही, तेवढ्यात घंटा. गळ्यात रुमाल खोचलेला तसेच पळाले. आता तिकडे होकाराचं दार वेगळं, नकाराचं वेगळं, ज्या दारातून जाल ते तुमचं मत. सर ऑब्री चटणीच्या विचारात, समोर एक रुंद पाठ चाललेली, ते आपले त्या पाठीमागून गेले. आत गेल्यावर बघतात तर सगळे विरोधी पक्षाचे, आणि सगळे यांच्याकडे बघून गोड हसतायत. झालं. एकदा आत गेलं की मत गेलं. मग त्यावर इलाज काय, तर बाहेर पडून दुसऱ्या दारातूनही जायचं. म्हणजे होही म्हणायचं आणि नाहीही म्हणायचं, दोन्ही मोजली जातात, फिट्टंफाट. धापा टाकत परत आले, झाकण उचललं, आणि मला म्हणतात, "मिस, आज मी दोन्ही बाजूंचा विचार केला."

चॉप गार झाले म्हणून तक्रारही केली.

तर मी काय सांगत होते... हां, दुआर्त. असं नाही की मी प्रयत्न केला नाही. मी विचार करून करून एक प्रस्ताव तयार केला. त्याला मागच्या अंगणात बोलावलं, जिथे घंटा ऐकू येत नाही, आणि म्हटलं, हे बघ, मी येते. पण लंडनची खोली सोडायची नाही. दर पंधरा दिवसांनी रविवारी मी आईकडे लिंकनशरला जेवायला. चहा माझा, इथला, इथूनच येईल. पोर्तुगीज शिकेन, पण कोणी परीक्षा घ्यायची नाही. आणि मावशीचं माझ्यावर काही चालणार नाही, पण मावशीच्या हातचं मला रोज मिळालं पाहिजे.

दुआर्तने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे यायचं नाही, पण आल्याचे सगळे फायदे हवेत."

"असं नाही अगदी."

"नाही, नाही. ओळखीचं वाटतंय. वर्तमानपत्रात वाचलंय मी हे."

मी रडले थोडी. तो म्हणाला, घाई नाही, राणी, अजिबात घाई नाही. बघा, इतका समजूतदार.

ठरलं काय? काही नाही.

त्यातून आईचे फोन. आईला वाटतं मी संसदेच्या इतकी जवळ ताटं वाढते म्हणजे मला आतलं कळत असणार. "काय गं, काय ठरलं?" मी म्हणते, कशाचं? "देशाचं, आणखी कशाचं? इथे गावात सगळे मला विचारतात, तुमची टॅमझिन काय म्हणते." आमच्या घरात आईने बाहेर पडायला मत दिलं आणि बाबांनी राहायला. तेव्हापासून एका स्वयंपाकघरात दोन किटल्या आहेत. मी भीत भीत तिला दुआर्तचं सांगितलं तर आधी तिकडे किटली आदळल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "म्हणजे आम्ही अख्खा देश ओढून युरोपच्या बाहेर काढतोय, आणि तू पिशवी भरून आत चाललीस?" मागून बाबांचा आवाज आला, "पोरीला म्हणावं, आतल्या बाजूला माझ्यासाठीही एक खाट टाक." मग दोघांचं जुंपलं आणि मला कोणी काही विचारलंच नाही.

मार्चअखेरची तारीख होती ना बाहेर पडायची? ती गेली. शुक्रवारी रात्री बाहेर पडणार होतो, शनिवारी सकाळी उठलो तर आतच. मग आणखी एक तारीख, ती पण नको, मग ब्रसेल्सवाल्यांनी, म्हणजे युरोपच्या संघाने, सुस्कारा सोडून सांगितलं, घ्या बाबा, ऑक्टोबरअखेरपर्यंत घ्या, पण आत आहात तोवर युरोपच्या संसदेची निवडणूकही लढवा, आणि कृपा करून हा वेळ वाया घालवू नका. आणि आमच्या मंडळींनी काय केलं? ईस्टरच्या सुट्टीवर गेली. सगळी. सर ऑब्री वेल्समध्ये मेंढ्यांचे फोटो काढायला.

आणि तुम्हाला सांगते, त्या आठवड्यात घंटा वाजली नाही. एकदाही. पहिल्या दिवशी मी तिच्याखाली उभी राहून वाट बघत होते, खांदे कानाला लावून. दुसऱ्या दिवशी खांदे जरा खाली आले. तिसऱ्या दिवशी मला माझ्याच डोक्यातलं ऐकू यायला लागलं. आणि डोक्यात काय होतं माहीत आहे? अगदी साधं होतं. मला जायचंय. मावशी कशीही असो, भाषा येवो न येवो, मला या माणसाबरोबर त्या कालव्याकाठी जायचंय. इतकं स्वच्छ की मी दचकले. मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून काहीतरी ठरवलं होतं, आणि ते बदलायच्या आत मी सरळ पॉबजॉयसाहेबांकडे गेले आणि नोकरी सोडायची नोटीस दिली. ते म्हणाले, "पुढची काही योजना, मिस?" मी म्हटलं, योजना कसली, निर्णय घेतलाय. ते नुसतं "हं" म्हणाले. त्या "हं"मध्ये तीन वर्षांचा अनुभव होता.

मग मी स्वयंपाकघरात गेले. दुआर्त एकटाच होता, पापलेटाला मीठ लावत. मी म्हटलं, दुआर्त, हो.

"काय हो?"

"तुझ्या प्रश्नाचं. हो. मी येते. अटी नाहीत. चहासुद्धा तिथलाच पिईन."

आता मला वाटलं होतं, हा मला उचलेल. निदान पापलेट खाली ठेवेल. त्याने ते छातीशी धरलं. चेहऱ्याचा रंग गेला, हळूहळू, कानापासून सुरू होऊन. म्हणाला, "खरंच?"

"खरंच."

"म्हणजे... नक्की? तू नीट विचार केलास? आईचं काय? पाऊस फार असतो गं तिथे."

"दुआर्त, मावशीला फोन कर."

त्याने पापलेट आणखी घट्ट धरलं. मग भट्टीकडे बघून म्हणतो, "तिला मी अजून काही बोललोच नाहीये."

"फेब्रुवारीपासून?"

"टॅम, तू माझ्या मावशीला ओळखत नाहीस. ती माझ्या मागे उभी राहून मला मीठ घालायला शिकवेल. मी सतराव्या वर्षी तिथून पळून आलोय. तिला मी स्वतः नाही कसं म्हणणार? म्हणून म्हटलं तुला विचारावं. तू तर पावाला लोणी लावायचं की जॅम यावर दहा मिनिटं घालवतेस. मला वाटलं, ही नाहीच म्हणेल. शंभर टक्के नाही म्हणेल. मग मी तिला कळवीन की माझी फार इच्छा होती, पण काय करणार."

"आणि हो म्हणाले तर? त्याची काय तयारी होती?"

"त्याची," दुआर्त म्हणाला, "नव्हती."

अहो, मी भांडलेसुद्धा नाही. कोणाशी भांडू? त्याचे डोळे भरून आले होते, पापलेटाचं पाणी त्याच्या शर्टातून गळत होतं, आणि तो म्हणाला, मला थोडा वेळ दे, तुला सोडून मी कुठेच जाणार नाही, फक्त तिकडे कसं जायचं ते मला समजत नाहीये. आणि मी दिला. ब्रसेल्सवाल्यांना मी इतके दिवस हसत होते, की का देतात हे लोक पुन्हा पुन्हा मुदत. आता कळलं. समोरच्याची तयारीच नसेल तर त्याला मुदत मागण्यावाचून काही करता येत नाही, आणि आपल्याला ती देण्यावाचून.

मग पॉबजॉयसाहेबांकडे गेले, तोंड पाडून. ते काचा पुसत होते. म्हणाले, "नोटीस आहे ना, मिस? ती कोणाला न विचारता मागे घेता येते. देशाच्या बाहेर पडायच्या नोटिशीबद्दल युरोपच्या न्यायालयाने तसा निकालच दिलाय." मी म्हटलं, मागे घेतली तर लोक काय म्हणतील, इतका मोठा निर्णय जाहीर करून? ते म्हणाले, "हं."

तर सध्या असं आहे की मी नोटीस दिलेली आहे, ती मागे घेतलेली नाही, रोज वेळेवर कामावर येते, आणि परवा इथल्या कर्मचाऱ्यांच्या समितीची निवडणूक झाली, तीत भरघोस मतांनी निवडूनही आले.